बिनखिळ्याचा जोड

लग्नाच्या मांडवात मी नवरदेवाचा चेहरा सगळ्यात शेवटी पाहतो. आधी बूट. मग बुटाची टाच, मग मागची शिवण, आणि ते सगळं बघून जीव निवला किंवा जळला की मगच वर बघतो. बायको कोपर मारते. म्हणते, "अहो, लोकांना वाटेल ह्यांचं काही हरवलंय." हरवलेलं काही नसतं. पण हल्ली दहा नवरदेवांतल्या नऊ जणांच्या पायांत चिकटवलेले बूट असतात, आणि वरात दारात येईपर्यंत त्यांचे तळ जागेवर राहिले तरी पुष्कळ झालं, असं माझं मत आहे. हे मत मी मांडवात बोलून दाखवत नाही. जेवण व्हायचं असतं.

मी जळगावात बूट शिवतो. समारंभाचे, काळे किंवा गडद तपकिरी, हाताने शिवलेले. चव्वेचाळीस वर्षं झाली. माझे वडील स्टेशनाबाहेर एका निंबाच्या झाडाखाली बसून चपला दुरुस्त करायचे. गिऱ्हाईक चप्पल पायानेच पुढे सरकवायचं आणि वडील ती हाताने उचलून घ्यायचे. मी आठवीत नापास झालो तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "शिवायचंच असंल तर शिव. पण असं काही शिव, की देणाऱ्यानं दोन्ही हातांनी दिलं पाहिजे." आणि मला एस.टी.त बसवून धुळ्याला रशीद उस्तादांकडे धाडलं.

उस्ताद म्हणजे उंच, हाडकुळा, तोंडात कायम मेण लावलेल्या दोऱ्याचं टोक धरलेला माणूस. घरात उर्दू बोलायचे, पण शिकवायचे धुळ्याच्या अहिराणीत. त्यांची परीक्षा एकच होती. मी शिवलेला बूट हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख शिवणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचे. नख कुठे अडखळलं, की डोळे न उघडताच म्हणायचे, "नख अटकनं. बठ्ठं उसव." थोडं नाही, अडखळलं तेवढंच नाही, बठ्ठं. पहिली दोन वर्षं मी शिवलं कमी आणि उसवलं जास्त.

ज्यांनी बूट फक्त घातलेत त्यांना सांगतो. चांगल्या बुटात शिवणी पुष्कळ असतात, दिसत मात्र नाहीत, आणि खरी मेहनत त्या न दिसण्याला लागते. टाचेमागची शिवण घ्या. दोन कातडी तोंडाला तोंड लावून आतून शिवायची, मग उलटवायची आणि हातोडीने हळूहळू ठोकून सपाट करायची. त्याआधी दोन्ही कडा रापीने तासाव्या लागतात. रापी म्हणजे आमची सपाट पात्याची सुरी. कड इतकी पातळ झाली पाहिजे की तिच्याखाली धरलेलं बोट जाणवावं. जास्त तासली तर फाटते, कमी तासली तर उलटवल्यावर उंचवटा राहतो, आणि उंचवटा राहिला की उस्तादांचं नख.

दुसरी जागा तळाची. तळ वरच्या भागाला जाड दोऱ्याने शिवतात. टाके उघडे ठेवले तर जमिनीला घासून तुटतात आणि दिसतातही. म्हणून तळाच्या कडेने एक तिरपी चीर द्यायची, कातड्याची पातळ पापडी वर उचलायची, तिच्याखालच्या खाचेत टाके घालायचे, मग खळ लावून पापडी पुन्हा खाली बसवायची आणि गुळगुळीत लाकडाने घासायची. नीट साधलं तर तळाला शिवण आहे हे शिवणाऱ्यालाही सापडू नये. माझ्या दुकानात लोक बूट उलटा करून विचारतात, "हा चिकटवलाय ना?" तेव्हा मला जो आनंद होतो, तो मी चेहऱ्यावर दिसू देत नाही. म्हणतो, "हो, तसंच समजा."

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी आले होते. बागेत अनवाणी हिंडून पाय असा पसरलेला की बाजारातला कुठलाच बूट आत घेईना. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. म्हणाले, "भाऊ, या पायानं सारा जलम केयीचा बाग तुडोला. आता त्याले व्याह्यासमोर उभा करायचा हाये." त्यांच्यासाठी मी लाकडी फर्म्याला, म्हणजे ज्या पायाच्या आकारावर बूट ताणतात त्याला, कातड्याचे तुकडे चिकटवून नवा पाय घडवला. लग्नानंतर ते केळीचा घड घेऊन आले आणि म्हणाले, जावयापेक्षा सासऱ्याकडे लोक जास्त बघत होते. मी मान्य केलं.

आणि एक शेठ. कापडाचे व्यापारी, मारवाडी जैन, अत्यंत सौम्य माणूस. त्यांना मुलाच्या लग्नात बूटच घालायचे होते, पण कातडं नको. हे म्हणजे हलवायाकडे बिनसाखरेचा पेढा मागण्यासारखं. पण मी काळ्या मखमलीचे बूट शिवले, कडा दुमडून, एक दोरा वर दिसू न देता. शेठ आले, जोड हातात घेतला, खूश झाले. मग हळूच विचारलं, "भाऊ, ऊपर तो ठीक है. अंदर क्या है?"

आत कातडंच होतं. ज्यावर पाय टेकतो तो आतला तळ मी सवयीने कातड्याचा घातला होता. मला खरोखर वाटलं होतं की कातडं नको म्हणजे दिसायला नको. शेठ रागावले नाहीत, फक्त जोड अलगद खाली ठेवला. मी आतलं सगळं काढून बूच आणि कॅनव्हास घातला. त्या दिवशी कानाला खडा लावला, की गिऱ्हाईक नको म्हणालं तर ते आतपर्यंत नको. आता जे सांगणार आहे ते ह्या कानाच्या खड्याबद्दलच आहे, कारण काही वर्षांनी तोच खडा निसटला.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. दुपारी वरणगावचे वायकोळे नाना दुकानात आले. मी तोवर त्यांना ओळखत नव्हतो. पांढरा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी, पायात जाड रबरी तळाचे बूट. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी बाकावर मांडलेला एक जोड उचलला, उलटा केला आणि तळावरून बोट फिरवलं. टाचेपाशी बोट थांबलं.

"खिये हायेत," नाना म्हणाले. त्यांच्याकडे खिळ्याला खिया म्हणतात.

"टाचेला खिळे असतातच, नाना."

"मले नही चालत. मले बूट पाहिजे, पन लोखंड नही पाहिजे. एक खिया सुदिक नही."

मग त्यांनी सांगितलं. ते वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते आणि मे अखेर निवृत्त होणार होते. ते ज्या विभागात काम करायचे तिथे पायात लोखंड चालत नाही. खिळा दगडावर घासला, ठिणगी उडाली, तर काय होईल हे सांगायला नको. नोकरी लागली त्या दिवशी एका जुन्या कामगाराने त्यांना बूट उलटा करून तळावरून बोट फिरवायला शिकवलं. पुढे नानांनी नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला तेच शिकवलं. बूट घालण्याआधी बोट फिरवायचं. रोज. घरीसुद्धा, चपलेवरूनसुद्धा.

"एकतीस तारखेले हॉलमधी निरोपाचा कार्यक्रम हाये," नाना म्हणाले. "तिठी काही धोका नही, ठिनगी नही, काही नही. बाजारातले बूट घातले तरी चालतीन. पन समोर बठ्ठे पोरं बसतीन, ज्याइले मी शिकोलं. मी त्याइच्यासमोर लोखंडावर उभा राहू का?"

मला तो माणूस तिथेच आवडला. मी म्हणालो, "नाना, एक खिळा सापडला तर जोड परत आणून माझ्या डोक्यावर मारा." आमच्या धंद्यात शब्द देताना असं काहीतरी बोलायची पद्धत आहे. बोलून जातो आणि मग निस्तरत बसतो.

मी पायाचं माप घेतलं आणि ठरवलं, की हा जोड असा करायचा की उस्तादांच्या नखालाही काही सापडू नये. वरचा भाग एकाच अखंड कातड्याचा. शिवण फक्त मागे एक, तीही आतून. तळाचे टाके पापडीखाली. टाच खिळ्यांऐवजी बांबूच्या बारीक खुंट्या ठोकून बसवली. खुंट्या मी घरी तासल्या, सुकवल्या, भोक पाडून खळीत बुडवून एकेक ठोकली. कातडं फर्म्यावर ताणताना तात्पुरते बारीक खिळे मारावेच लागतात, टाके पडले की काढून घ्यायचे. ते मी मोजून मारले आणि मोजून काढले. एका बुटाला बावीस. बावीसच्या बावीस डबीत परत आले तेव्हाच झाकण लावलं.

मे महिना. जळगावचा मे ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगू. पत्रा तापून खोलीची भट्टी होते, ओलं कातडं तासाभरात पापडासारखं वाळतं. मी ओलं पोतं गुंडाळून तळ सांभाळला. तीन आठवडे त्या जोडापुढे दुसरं काम मनापासून केलं नाही. एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी पॉलिश करून तो जोड फळीवर ठेवला आणि लांबून बघत बसलो. खरं सांगतो, आयुष्यात मी एवढा देखणा जोड केला नव्हता. काळ्या पाण्यासारखा दिसत होता, कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळू नये असा. मी बायकोला, सुमनला, हाक मारून आतून बोलावलं. तिने बघितलं, "छान झालाय," म्हणाली आणि केर काढायला लागली. सुमन बोदवडची. कौतुक जपून करते.

जुन्या लाउडस्पीकरमधलं एक गोल लोहचुंबक माझ्या बाकावर असतं. जमिनीवर सांडलेले खिळे त्याने गोळा करतो. केर काढताना सुमनने ते उचलून फळीवर ठेवलं, नानांच्या जोडाशेजारी. टक् असा आवाज झाला.

"अहो," ती हसत म्हणाली, "हे बघा, बूट लोहचुंबक खातोय."

चुंबक बुटाच्या मधल्या भागाला, कमानीला, चिकटलं होतं.

मला समजायला दोन क्षण लागले. तळपायाचा मधला भाग जमिनीला टेकत नाही. तिथे बुटाच्या पोटात, आतला आणि बाहेरचा तळ यांच्यामध्ये, एक बोटभर रुंदीची पोलादी पट्टी बसवतात. ती नसली तर बूट मधोमध लचकतो. तोवर शिवलेल्या प्रत्येक जोडात मी ती पट्टी घातली होती. ती घालताना मी विचार करत नाही, जसा भाजीत मीठ घालताना सुमन करत नाही. खिळे मोजत बसलो होतो मी. बावीस मारले, बावीस काढले. आणि त्याच हाताने त्याच बुटात वीतभर पोलाद निवांत झोपवलं होतं. दोन्ही बुटांत.

सुमनला मी सांगितलं. ती केरसुणी भिंतीला टेकवून माझ्यासमोर बसली.

"त्यांनी काय सांगितलं होतं? खिळा नको. खिळा नाहीये ना?"

"लोखंड नको म्हणाले होते."

"ते आत आहे. शिवलेलं आहे. कोणाला दिसणार? ते चुंबक घेऊन थोडेच येणार आहेत?" मग जरा थांबून म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, अहो. परवा कार्यक्रम आहे त्यांचा."

ती मला फसवायला सांगत नव्हती. तीन आठवडे तिने माझी पाठ बघितली होती, त्या पाठीची तिला कीव येत होती. आणि मी साधू नाही. एक तासभर मीही स्वतःला हेच सांगत होतो. हॉलमध्ये ठिणगी नाही, दारू नाही, नाना स्वतः म्हणाले होते. पट्टी काढायची म्हणजे त्या पापड्या पुन्हा उचकटायच्या, माझे सगळ्यांत चांगले टाके माझ्याच हाताने कापायचे. पुन्हा ते तसेच बसतील याची खात्री उन्हाळ्यात कोण देणार? माझा सगळा जीव त्या न दिसणाऱ्या शिवणीत अडकला होता. नानांना दिलेला शब्द त्या क्षणी मला शिवणीपेक्षा लहान वाटला, हे लाज वाटली तरी लिहितो.

मग मी जोड हातात घेतला आणि डोळे मिटून नख फिरवलं. कुठेच अडखळलं नाही. आणि त्यानेच घोळ केला. मनात आलं, उद्या नाना बूट उलटा करून असंच बोट फिरवतील. तेही कुठे अडणार नाही. एकतीस वर्षं, बत्तीस वर्षं, जेवढी असतील तेवढी, ज्या बोटावर त्यांनी भरवसा ठेवला, ते बोट माझ्या कारागिरीमुळे खोटं ठरेल. माझी शिवण चांगली आहे म्हणूनच ते फसतील. हे मला सहन होईना.

"उसवतो," मी म्हणालो.

सुमन उठली आणि पाण्याचं भांडं घेऊन आली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कामाला बसलो. ओल्या फडक्याने पापड्या भिजवल्या, कमानीच्या दोन्ही बाजूंचे टाके कापले, तळ तेवढ्यापुरता वर केला आणि पट्ट्या काढल्या. त्या जागी काय घालावं हा पेच होता. उस्ताद एकदा म्हणाले होते की पूर्वी लाकडाची पट्टी घालायचे. मी बुरुडाकडे जाऊन जून बांबूची जाड कांब आणली, चिरून तासली, दिव्यावर शेकून पायाच्या कमानीसारखी वाकवली. वजन टाकून पाहिलं, तुटली नाही. कातड्यात गुंडाळून दोन्ही बुटांत बसवली. मग जुन्याच भोकांतून, एकही नवीन भोक न पाडता, पुन्हा टाके घातले.

उजव्या बुटाची पापडी शहाण्या मुलीसारखी खाली बसली. डाव्या बुटाची बसली नाही. उन्हाने कातडं आखडलं होतं. आतल्या बाजूला कमानीपाशी चार बोटं लांबीची एक बारीक रेघ उघडी राहिली. मी मेण भरलं, रंग लावला, गरम लोखंड फिरवलं, शिव्या दिल्या. रेघ राहिली. नवीन तळ करायला दोन दिवस हवे होते आणि नाना दुपारी यायचे होते.

ते वेळेवर आले. पिशवी खाली ठेवली, बूट उलटा केला आणि बोट फिरवायला लागले. मी त्यांच्यापुढे चुंबक ठेवलं.

"हे कायले?"

"बघून घ्या, नाना."

"तुम्ही सांगलं ना, खिया नही म्हनून. मंग चुंबक कायले?" ते म्हणाले आणि चुंबक बाजूला सारलं.

इथे मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट संपली असती. जोड आता खरोखर बिनलोखंडी होता. सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण तेवढ्यात त्यांचं बोट डाव्या बुटाच्या रेघेवर येऊन थांबलं. त्यांनी वर बघितलं. मी खिशातून त्या दोन पोलादी पट्ट्या काढून बाकावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सवय, चुंबक, उसवणं, बांबू, रेघ. बायको काय म्हणाली तेवढं सोडून.

नानांनी एक पट्टी उचलून वजन करावं तशी तळहातावर धरली.

"तुम्ही सांगलं नसतं, तं मले समजलं असतं का?"

"नाही."

"कधी?"

"कधीच नाही, नाना."

त्यांनी पट्टी परत बाकावर ठेवली. "हे तुमच्याजोड ठेवा," म्हणाले. मग खुर्चीत बसून पाय पुढे केला आणि मला म्हणाले, "घाला." मी आयुष्यात हजारो पायांत बूट चढवलेत. त्या दोन पायांत चढवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

कार्यक्रमाला त्यांनी मला बोलावलं. मी शेवटच्या रांगेत बसलो. भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. नाना चार वाक्यं बोलले आणि त्यात बुटांचं नावही नव्हतं. पण स्टेजवर बसताना त्यांनी डावा पाय उजव्या गुडघ्यावर टाकला आणि बुटाचा तळ सगळ्या हॉलकडे झाला. दोनशे माणसांत ती रेघ मला एकट्याला दिसत होती. अर्धा तास दिसत होती. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. शेवटी पोरांनी स्टेजवर चढून त्यांचे बूट खरंच उलटे करून पाहिले, थट्टेने, आणि प्रत्येकाने तळावरून बोट फिरवलं. तेव्हा नाना रडले, आणि मागच्या रांगेत मीही.

पुढच्या महिन्यात धुळ्याला जाऊन मी हे सगळं उस्तादांना सांगितलं. ते ऐंशीच्या पुढे गेलेले, डोळे अधू झालेले. खाटेवर बसून शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आता पाठीवर हात पडेल.

"रेघ कितली ऱ्हायनी?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं."

"पहिली चीर कडले लागीसन दिन्ही व्हई तू. जरासी आत देता, तर परत उघडाले जागा ऱ्हाती."

बरोबर होतं. देखणेपणाच्या नादात मी चीर अगदी कडेला दिली होती. मी हो म्हणालो. मग थोड्या वेळाने, चहा आल्यावर, म्हातारा म्हणाला, "उसवं ना पन?" मी म्हटलं, हो. "मंग चांगलं शे," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. उस्ताद आता नाहीत. त्या तीन शब्दांवर मी अजून जगतो.

हल्ली माझ्याकडे वर्षाला मोजके जोड येतात. मुलगी फोनवर फोटो टाकते, त्यावरून कुणीतरी विचारतं आणि किंमत ऐकून गप्प होतं. शिकायला कोणी नाही. ते दुःख आहे, पण ते घेऊन मी बसत नाही, कारण बाकावर काम असलं की ते आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना आले. तोच जोड पिशवीत. तळ झिजून पातळ झाला होता, पण बाकी बूट तसाच. म्हणाले, "तय नवा टाका." मी म्हणालो, "टाकतो, आणि ह्या वेळी ती रेघही घालवतो. थंडी आहे, कातडं ऐकेल." मला केवढा आनंद झाला होता. इतकी वर्षं ती रेघ माझ्या डोळ्यांत खुपत होती.

नानांचा चेहरा उतरला.

"घालवू नका," ते म्हणाले. "रोज बूट घालताना बोट फिरवतो ना मी. बोट तिठी थांबते. थांबलं की मले माहीत राह्यते, की आत काय हाये. नही थांबलं तं मी घालू कसा?"

मी त्यांना समजावलं की तळ नवा आला की रेघ जाणारच, ती जुन्या कातड्याची होती. ते पिशवी ठेवून गेले.

आठ दिवसांनी तळ तयार झाला. चीर ह्या वेळी जरा आत दिली होती, उस्ताद म्हणाले तशी. उजव्या बुटाची पापडी बसवली, घासली, डोळे मिटून नख फिरवलं. कुठेच नाही. मग डावा घेतला. पापडी खाली बसवता बसवता कमानीपाशी थांबलो. रापीने पापडीचा गव्हाएवढा तुकडा कापून टाकला आणि त्याखालचा एक टाका उघडा राहू दिला. चव्वेचाळीस वर्षं टाके लपवणारा हात ते करायला तयार होत नव्हता. कानात "उसव" ऐकू येत होतं. तरी राहू दिला.

नाना आले. मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी बूट उलटा केला, माझ्याकडे न बघता तळावरून बोट फिरवलं. कमानीपाशी बोट थांबलं. मग ते खुर्चीत बसले आणि डावा पाय बुटात घातला.